चारात एक सुरकुतलेला

वाटाण्याचं फूल उमलतं तेव्हा आतलं लग्न कधीच उरकलेलं असतं. अकोटच्या ज्युनियर कॉलेजात बारावीला आनुवंशिकता शिकवताना हे वाक्य मी दर वर्षी त्याच जागी म्हणायचे, आणि मुली दर वर्षी त्याच जागी हसायच्या. मग मी फळ्यावर फूल काढायचे. वर एक मोठी पाकळी, बाजूला दोन पंख आणि खाली दोन पाकळ्या जुळून झालेली होडी. त्या बंद होडीतच पुंकेसर आणि स्त्रीकेसर असतात. भुंगा येवो न येवो, वाटाण्याला फरक पडत नाही. कळी बंद असतानाच पराग आपल्याच फुलाच्या स्त्रीकेसराला मिळतो. घरातल्या घरात सगळं. आमच्याकडे मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क मानतात, तेव्हा हे समजावून सांगायला मला फार शब्द लागायचे नाहीत.

ज्या पाद्र्यानं मठाच्या बागेत वाटाणे लावून आनुवंशिकतेचे नियम शोधले त्याचं चित्र पुस्तकात होतं. खाली चौकट होती. गोल दाण्याचं झाड आणि सुरकुतलेल्या दाण्याचं झाड यांचा संकर केला की पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल. सुरकुती कुठं गेली? कुठंच गेली नाही, आत लपून बसली. त्या गोल दाण्यांची झाडं लावली की दुसऱ्या पिढीत ती परत बाहेर येते, तीन गोल आणि एक सुरकुतलेला. माझी मुलं कपाशीच्या गावांतली. त्यांनी हे पाठ केलं, परीक्षेत लिहिलं आणि मार्क मिळवले. एकानंही कधी सुरकुतलेला दाणा हातात घेऊन पाहिला नव्हता. मला याचा राग यायचा. माझा स्वभाव तसा चिडकाच आहे, आणि न पाहिलेल्या गोष्टीची घोकंपट्टी पाहिली की माझं डोकं फिरायचं.

प्राचार्यांनी मला वाटाणा लावायला सायकल स्टँडमागची जागा दिली. पहिल्या वर्षी वाटाणा बकऱ्यांनी खाल्ला, दुसऱ्या वर्षी पाण्याअभावी वाळला. मग मी दादाकडे गेले.

दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. वडिलांचे गुडघे गेले तेव्हा त्यानं दहावीतून शाळा सोडून शेती हातात घेतली, आणि मला मात्र अमरावतीला होस्टेलवर ठेवून एम.एस्सी.पर्यंत शिकवलं. दर महिन्याला ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन तो स्वतः यायचा. गेटवर उभा राहायचा, आत यायला लाजायचा. आमचं गाव अकोला-अकोट रस्त्यावरच्या एका फाट्यापासून आत. मी लग्नानंतर अकोल्यात राहायचे आणि रोज एस.टी.नं अकोटला जायचे, त्यामुळे रोज सकाळी फाटा लागायचा. काही द्यायचं असलं की दादा तिथं पिशवी घेऊन उभा. कंडक्टरही ओळखायला लागला होता. तो बेल मारून गाडी थांबवायचा आणि म्हणायचा, बाईचा डबा आला.

दादानं विहिरीजवळ एक वाफा मला दिला. बाजारातल्या उसळीच्या गोल वाटाण्याचं एक बी आणि बियाण्याच्या दुकानातून आणलेलं गोड, सुरकुतलेल्या वाटाण्याचं दुसरं. संकर कसा करायचा हे मी त्याला पुस्तकातून वाचून दाखवायला घेतलं, तर तो हसला. त्यानं एके वर्षी संकरित कपाशीचा बीजोत्पादनाचा प्लॉट केला होता. त्यात रोज शेकडो फुलं सोलायची असतात. दुपारी कळी उघडून तिचे पुंकेसर काढायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या झाडाच्या फुलाचा पराग लावायचा. वाटाण्याची कळी त्याहून नाजूक. दादानं वहिनीच्या भुवयांचा चिमटा मागून घेतला, उकिडवं बसून हिरवट कळीची होडी नखानं फाकवली आणि आतले दहाच्या दहा पुंकेसर वेचून काढले. माझ्या हातून तीन कळ्या तुटल्या होत्या. त्याची एकही तुटली नाही. वर त्यानं कागदाची छोटी पिशवी बांधली आणि म्हणाला की हिले आता दुसऱ्या घरचं मिळू दे.

दोन हिवाळे गेले. दुसऱ्या हिवाळ्यात संकरित झाडांना शेंगा आल्या आणि मी रोज संध्याकाळी फाट्यावर उतरून वाफ्यात जाऊ लागले. मला वाटलं होतं शेंग फोडली की दिसेल. पण हिरव्या शेंगेत सगळे दाणे सारखेच, टपोरे, हिरवेगार. कोण गोल, कोण सुरकुतणार, काही कळत नाही. सुरकुतणाऱ्या दाण्यात साखरेचं पीठ, म्हणजे स्टार्च, नीट होत नाही, साखर साखरच राहते आणि ती पाणी धरून ठेवते. वेलीवर शेंग वाळली, पाणी गेलं, की मगच तो आकसतो. तोवर तो उलट जास्त गोड लागतो. हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण माहीत असणं आणि वाट पाहणं वेगळं. मी होळीपर्यंत थांबले.

आणि इथंच मी माझी पहिली लबाडी केली. वाळलेल्या शेंगा फोडायला बसले तर कुठंही तीनास एक दिसेना. एका शेंगेत सातही गोल. दुसरीत सहातले तीन सुरकुतलेले. एका शेंगेत तर लागोपाठ चार सुरकुतलेले. सगळ्या शेंगांचे दाणे एकत्र करून मोजले की हिशेब पुस्तकाजवळ यायचा, हे बरोबरच होतं. पण बारावीच्या साठ पोरांपुढे एवढे दाणे ओतून मोजायला वेळ कुठं? मला एका शेंगेत तीनास एक हवं होतं. दादाला मी सांगितलं की तशा शेंगा वेगळ्या काढ, बाकीच्या मला नकोत. त्यानंतर दर वर्षी तो दुपारी ओसरीवर बसून शेंगा फोडायचा, माझ्या मनासारख्या निवडून पिशवीत भरायचा, आणि बाकीच्या गाईच्या आंबोणात टाकायचा. मी एका पुठ्ठ्यावर काळं कापड ताणून त्यावर चार दाणे डिंकानं चिकटवले. तीन गोल, शेवटी एक सुरकुतलेला. खाली सुबक अक्षरात गुणोत्तर. अमरावतीच्या एका विज्ञान प्रदर्शनात त्या पुठ्ठ्याचं कौतुक झालं आणि मी वर्षभर फुगून फिरले.

वहिनी आमच्या मामाची मुलगी. लहानपणी आम्ही दोघी एका पाटावर जेवलो, एका झोक्यावर भांडलो. दादाशी तिचं लग्न व्हायचं हे इतकं ठरलेलं होतं की ते कोणी ठरवलं हेसुद्धा आठवत नाही. लग्नानंतर ती मला बाई म्हणायला लागली आणि मी तिला वहिनी. दोघींनाही पहिले सहा महिने हसू यायचं.

त्यांचा पहिला मुलगा झाला तेव्हा गोरा, गुबगुबीत होता. सहा-सात महिने काही नाही. मग एका थंडीत त्याच्या हातांची बोटं सुजली, पायांचे पंजे सुजले. पोर रडून रडून निळं पडायचं. कोणी म्हणालं मुरगळलं, कोणी म्हणालं वात. वहिनीनं ओव्याचा शेक दिला. मग कावीळ, मग ताप, मग परत सूज. दोन वर्षं असं चाललं. शेवटी मी त्याला अकोल्याच्या दवाखान्यात नेलं आणि रक्त तपासणीला गेलं. डॉक्टरांनी सांगितलं, सिकल सेल. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल राहत नाहीत, विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नळ्यांत अडकतात. जिथं अडकतील तिथं दुखतं. आईचं एक आणि बापाचं एक असे दोन्ही दोष एकत्र आले की हा आजार होतो. एकच आला तर माणूस ठणठणीत राहतो, नुसता वाहक असतो.

आम्हा सगळ्यांचं रक्त घेतलं. दादा वाहक, वहिनी वाहक. माझ्यात काही नव्हतं. रिपोर्ट हातात घेऊन मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसले आणि मला पहिली भावना झाली ती सुटकेची. माझा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. या गोष्टीची मला आजही लाज वाटते.

डॉक्टर घाईत होते. त्यांनी दादाला एवढंच सांगितलं की पुढच्या मुलालाही चारात एक शक्यता आहे, विचार करा. दादा मान डोलावून बाहेर आला आणि माझ्याकडे पाहायला लागला. चारात एक म्हटलं की त्याच्या घरात कोणाला विचारायचं हे त्याला माहीत होतं.

ती कशी वर्षं होती हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. कपाशीवर लाल्या आला होता. पानं लाल होऊन झाड उभ्या उभ्या खंगत होतं. पाऊस आला तर नको तेव्हा यायचा. दर आठवड्याला पेपरात आजूबाजूच्या कुठल्या तरी गावाचं नाव यायचं, आणि मग त्या गावात गाड्या यायच्या, कॅमेरे यायचे. आमच्या शेजारच्या गावातला, दादाच्या वर्गातला एक जण फवारणीचं औषध पिऊन गेला. दादाची स्थिती तशी नव्हती, विहिरीला पाणी होतं, घर चालत होतं. पण तो गप्प झाला होता. वहिनीनं औषधाचा डबा गुरांच्या कोठ्यातून उचलून ज्वारीच्या कोठीत, दाण्याखाली खोल पुरून ठेवला होता. ते मला तिनं सांगितलं, दादाला नाही. त्या वर्षांत आमच्याकडे कोणाला वाईट बातमी सांगायची तर बायका आधी त्याच्या चेहऱ्याकडे पाहायच्या आणि मग काय सांगायचं ते ठरवायच्या.

रिपोर्टनंतरच्या आठवड्यात मी कॉलेजातून परतताना फाट्यावर उतरले. प्रॅक्टिकलचे दिवस होते, पुठ्ठा माझ्याच पिशवीत होता. दादा ओसरीवर बाजेवर बसला होता, वहिनी खाली मुलाला मांडीवर घेऊन. मी पुठ्ठा बाजेवर ठेवला आणि समजावून सांगितलं. तुझ्यात एक गोल एक सुरकुती, हिच्यात एक गोल एक सुरकुती. दोघं वरून गोल. मुलात तुमच्यापैकी प्रत्येकाचं एकेक जातं. दोन्ही सुरकुत्या गेल्या की आजार. दर खेपेला चारात एक. मी दर खेपेला म्हटलं होतं. हे मी स्वतःला हजारदा बजावलं आहे, पण त्यानं काही होत नाही.

दादानं पुठ्ठा मांडीवर घेतला. त्यानं चारही दाण्यांवरून बोट फिरवलं. मग त्यानं हिशेब लावला, आणि तो हिशेब शेतकऱ्याचा होता. आमच्याकडे कपाशीत तूर लावतात. धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला लागून आधी तुरीची एक ओळ टाकायची, मग कपाशीच्या ठरलेल्या ओळी, मग परत तुरीची. ते प्रमाण कधी चुकत नाही. तुरीची ओळ पडली की पुढं कपाशी येणारच. प्रमाण म्हणजे ओळी, आणि ओळी म्हणजे क्रम. जन्मभर त्यानं प्रमाण याच अर्थानं पाहिलं होतं.

"मंजे धुऱ्यावरची ओळ पडली," तो वहिनीच्या मांडीवरच्या मुलाकडे पाहत म्हणाला. "आता तीन ओळी सुद्या हायेत."

वहिनीनं मान वर केली. दोन वर्षांत मी तिला तसं पाहिलं नव्हतं. ती हसली नाही, पण चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. तिनं मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं, मी काय म्हणते म्हणून. दादानंही पाहिलं.

मला तेव्हा बोलायला एक मिनिट लागलं असतं. ओळी नाहीत दादा, दर वेळी नव्यानं नाणं उडवायचं असतं, आधी काय पडलं हे नाण्याला आठवत नाही. वर्गात हे मी इतक्या वेळा सांगितलं होतं की झोपेतही सांगितलं असतं. पण मी वहिनीचा चेहरा पाहिला. ज्वारीच्या कोठीत पुरलेला डबा आठवला. त्या घरात कित्येक महिन्यांनी कोणीतरी पुढचं बोलत होतं. मी पुठ्ठा पिशवीत घातला आणि म्हणाले की सव्वापाचची गाडी चुकेल. गाडी चुकली नसती, अर्धा तास होता. फाट्यावर मी तो अर्धा तास एकटी उभी राहिले आणि मनाशी म्हणत राहिले, पुढच्या वेळी सांगू.

पुढची वेळ आली आणि गेली. पोळ्याला गेले, तेव्हा घरात पाहुणे. दसऱ्याला गेले, तेव्हा मुलगा आजारी. खरं सांगायचं तर सबबी मीच शोधत होते. दिवाळीला भाऊबीजेचं ओवाळलं, दादानं ओवाळणी टाकली, आणि वहिनीनं मला स्वयंपाकघरात नेऊन कानात सांगितलं की तिसरा महिना आहे. तिचे हात करंज्यांच्या पिठानं माखलेले होते. मी तिला जवळ घेतलं. पोटातल्या बाळाची तपासणी मुंबईला होते असं मी ऐकून होते. तेही माझ्या ओठांवर आलं होतं. आलं आणि तिथंच राहिलं. चारात तीन चांगले असतात, मी स्वतःला सांगितलं. चारात तीन म्हणजे पुष्कळ. जी चूक दादा अडाणीपणानं करत होता तीच मी शिकून करत होते.

मुलगी झाली. सहा महिने नुसती हसायची. दादा तिला खांद्यावर घेऊन गावभर फिरायचा. त्यानं त्या हिवाळ्यात माझा वाटाणाही मोठ्या हौसेनं लावला, वाफा दुप्पट केला. मी मात्र त्या पोरीची बोटं पाहायचे. दर वेळी गेले की तिला मांडीवर घ्यायचे आणि लाडानं धरल्यासारखं करून एकेक बोट दाबून पाहायचे. वहिनीला वाटायचं आत्याचा जीव आहे.

सातव्या की आठव्या महिन्यात एका सकाळी फाट्यावर दादा उभा होता. हातात पिशवी नव्हती. पोरगी होती, शालीत गुंडाळलेली. बस थांबली, तो खिडकीपाशी आला आणि त्यानं शाल बाजूला करून तिचा हात मला दाखवला. बोटं सुजून लाल झाली होती. मी उतरले, त्या दिवशी कॉलेजला गेले नाही. आम्ही उलट दिशेची गाडी धरून अकोल्याला गेलो.

रिपोर्ट आला त्या दिवशी वहिनी आत मुलीजवळ होती. दादा आणि मी दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसलो होतो. समोर लोक चिठ्ठ्या घेऊन रांगेत उभे होते. दादानं आपल्या हातांकडे पाहिलं. मग विचारलं, "तुले माईत होतं?"

मी हो म्हणाले. खोटं बोलायची ताकद राहिली नव्हती.

तो चिडेल असं मला वाटलं होतं. तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो हळू आवाजात, शेतातलं काही सांगावं तसा बोलायला लागला.

"मले बी शंका होती, बाई. तुया शेंगा मीच तं फोडत होतो. एका शेंगेत तीन तीन, चार चार सुरकुतलेले निंघत. ओळ-बिळ काई नसते त्याच्यात, म्यां सोता पायलं होतं. म्हणून तं तुयासमोर बोललो. मले वाटलं, चुकत असन तं तू टोकशीन. तू चूप राह्यली. मंग म्हटलं, हे शिकलेली हाये, माणसाचं वेगळं असन."

तो मला पारखत नव्हता, मला दोष देत नव्हता. त्याला जे दिसलं होतं ते बरोबर होतं. त्याचे डोळे शेंगांमधून जे शिकले होते ते माझ्या डिग्रीपेक्षा पक्कं होतं. आणि माझ्या गप्प बसण्यानं त्याला त्याच्या डोळ्यांवर अविश्वास ठेवायला लावलं. ज्या भावानं शाळा सोडून मला शिकवलं त्याला माझ्या शिक्षणानं हे दिलं. मी त्या बाकावर रडले. तो उठला, माझ्यासाठी चहा घेऊन आला आणि म्हणाला की वहिनीला सांगू नको. मग आम्ही दोघांनी मिळून तिच्यापासून ते लपवलं.

त्यानंतर त्यानं नसबंदी करून घेतली. गावात पुरुष हे करत नाहीत, लोकांनी तोंडावर टिंगल केली. त्यानं ऐकून घेतली. वाटाणा त्यानं पुन्हा लावला नाही. मी मागितलाही नाही. कॉलेजात मी पुस्तकातलं चित्र दाखवून तो धडा संपवायला लागले. मुलं घोकायची आणि मला आता राग यायचा नाही.

मुलगा नऊ वर्षांचा होऊन गेला. पावसाळ्यात त्याला ताप आला, छातीत कफ झाला, आणि दोन दिवसांत संपलं. अकोल्याहून त्याला गावी नेताना गाडीत दादानं त्याचे पाय धरले होते आणि वहिनीनं डोकं. विहिरीलाही त्याच्या दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात पाणी राहिलं नाही. दादानं अर्धी शेती बटाईनं देऊन टाकली. तो आता फार तर गुरांमागे जातो. लोक म्हणतात शेतीनं खचला. मी ते दुरुस्त करत नाही.

मुलगी जगली. तिला मी दहावीनंतर अकोल्याला माझ्याकडे आणलं, दवाखाना जवळ म्हणून. माझा मुलगा पुण्याला नोकरीला गेला होता, घरात मी आणि माझे पती दोघंच. तिची रोजची गोळी, भरपूर पाणी, थंडीत लोकरीचे मोजे, हे सगळं मी डोळ्यांत तेल घालून पाहिलं. ती हुशार होती, तोंडानं फटकळ, माझ्यावरच गेलेली. महिन्या-दीड महिन्यातून एकदा तिचं दुखणं यायचं. मांडीच्या हाडात, पाठीत. तेव्हा ती ओठ चावून पडून राहायची आणि कोणी काही विचारलं की चिडायची. रक्त द्यायची वेळ आली की सुई टोचणाऱ्या सिस्टरला तीच नस दाखवायची. तिला स्वतःच्या सगळ्या नसा माहीत होत्या.

मागच्या डिसेंबरात अशीच एक दुपार होती. कॉलेज बुडवून ती अंथरुणात होती. मी गरम पाण्याची पिशवी घेऊन बसले होते, तिचा पाय माझ्या मांडीवर होता आणि मी गुडघ्याखाली शेकत होते. गोळीचा असर अजून यायचा होता. ती छताकडे पाहत होती. मग तिनं सरळ विचारलं, "आत्या, मी व्हायच्या आधी तुले माईत होतं ना? बाबानं सांगतलं मले."

मी हो म्हणाले.

"तू बोलली असती तं मी झालीच नसती."

इतकी वर्षं मी याच एका वाक्याच्या आधारावर जगत आले होते. रात्री-अपरात्री नव्हे, भर दिवसा, भाजी निवडताना, बसमध्ये, मी स्वतःला म्हणायचे, की मी बोलले असते तर ही पोर नसती, हिचं हसणं नसतं, हिचं फटकळ बोलणं नसतं. निदान एवढं तरी माझ्या गप्प बसण्यातून चांगलं निघालं. मी पिशवी बाजूला ठेवली, तिच्या पायावरून हात फिरवला आणि तेच तिला सांगितलं. म्हणाले, म्हणूनच नाही बोलले ते बरं झालं असं मला कधी कधी वाटतं, तू आलीस ना.

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. दुखण्यानं तिचे डोळे ओले होते, पण ती रडत नव्हती. फळ्यावर चुकलेलं उत्तर पाहावं तसं तिनं मला पाहिलं.

"ते तुयासाठी बरं झालं," ती म्हणाली. "माह्यासाठी बोलाले पाह्यजे होतं."

मग तिनं पाय माझ्या मांडीवरून काढून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं.